कानांनी साथ सोडली तरी...

औंध म्हटलं की बहुतेकांना पुण्याचं औंध आठवतं. आमचं औंध ते नव्हे. आमचं यमाईचं औंध, सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं, एके काळी संस्थानची राजधानी असलेलं. इथल्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर बचत गटांच्या निमित्तानं मी बरीच वर्षं फिरते आहे. घरचं आवरायचं, दुपारी मिळेल त्या गाडीनं निघायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. बैठकीत हिशेब अर्ध्या तासात होतो. खरी बैठक त्यानंतर सुरू होते. चहा झाला की एखादी जवळ सरकून बसते आणि घरात कुणाला सांगता येत नाही ते हळू आवाजात सांगते.

अशीच एक पन्नाशी ओलांडलेली बाई एकदा माझ्या शेजारी येऊन बसली. तोंडाला पदर लावून काहीतरी बोलली. मला तिचा आवाज आला, पण शब्द काही कळले नाहीत. पुन्हा विचारायची लाज वाटली. मी हसले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि होईल सगळं नीट, काळजी करू नका, असं काहीतरी म्हणाले. ती समाधानानं उठून गेली.

दोन महिन्यांनी कळलं ते असं. पाळी जाऊन चार वर्षं झाल्यावर तिला पुन्हा अंगावर जाऊ लागलं होतं. डॉक्टरकडे जाऊ का, की आपोआप थांबेल, एवढंच तिनं मला विचारलं होतं. ताई नीट होईल म्हणाल्या म्हणून ती गप्प बसली. पुढे तपासण्या झाल्या, गर्भपिशवी काढावी लागली. आज ती बरी आहे. पण ते दोन महिने तिच्या आयुष्यातून माझ्यामुळे गेले, हे मला विसरता येत नाही.

खरं तर मला कमी ऐकू येतं हे मला तीन-चार वर्षांपासून माहीत होतं. दूध उतू जाताना होणारा आवाज येईना. फोन डाव्या कानावरून उजव्या कानाला कधी गेला तेही कळलं नाही. मिस्टरांचं बोलणं समजायचं, मुलीचं समजायचं नाही. घरात सगळे म्हणायचे, आईचं लक्षच नसतं. मीही तेच खरं मानलं. आश्विनातल्या आमच्या संगीत महोत्सवात मागे बसले, तर तानपुरा जुळलेला आहे की नाही हेच कळेना. तरी मी कुणाला सांगितलं नाही. बहिरी हा शब्द स्वतःला लावायची हिंमत होत नव्हती.

त्याच सुमारास ८ मार्चच्या कार्यक्रमासाठी मला पंडिता रमाबाईंवर बोलायचं होतं. कॉलेजात त्यांच्याविषयी शिकले होते. विदुषी, समाजसुधारक, मुक्ती मिशन, एवढं पाठ होतं. पुन्हा वाचायला बसले आणि एका बारीकशा उल्लेखाशी अडखळले. रमाबाईंना डॉक्टर व्हायचं होतं, पण कमी ऐकू येत असल्यामुळे त्यांना तो विचार सोडून द्यावा लागला. इतकी वर्षं हे माझ्या नजरेतून कसं सुटलं होतं? मग मी त्यांचं सगळं आयुष्य त्यांच्या कानाच्या बाजूनं पुन्हा वाचलं. तेच आज तुम्हाला सांगते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, कर्नाटकातल्या घाटात, गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. बायकोला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवलं. त्या काळात हे पाप समजलं जाई. लोकांचा रोष झाला, तरी ते मागे हटले नाहीत, रानात जाऊन राहिले. पुढे लक्ष्मीबाईंनी रमाला शिकवलं. दिवसभर घरातल्या कामातून सवड नाही, म्हणून पहाटे उठवून, मांडीवर घेऊन शिकवलं. हातात पाटी-पुस्तक नव्हतंच. आई म्हणणार आणि मुलगी मागून म्हणणार. भागवतासारख्या ग्रंथांतले हजारो श्लोक रमेला असे ऐकून ऐकून पाठ झाले. ज्या बाईचे कान पुढे हळूहळू मिटत गेले, तिची पहिली शाळा कानच होते!

रमा लहान असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. देवळात पुराण सांगायचं आणि मिळेल त्यावर गुजराण करायची. १८७४नंतरच्या काही वर्षांत, दुष्काळ आणि उपासमारीत, आधी वडील, मग आई आणि थोरली बहीण गेली. उरले रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी हिंडले आणि १८७८मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकलं आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. एका बाईला!

पण सुख टिकेना. १८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, लग्न नोंदणी पद्धतीचं. १८८१मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२मध्ये पटकीनं नवराही गेला. तेविसाव्या वर्षी तान्ही मुलगी कडेवर घेऊन त्या विधवा झाल्या.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. सप्टेंबर १८८२मध्ये शिक्षणाची चौकशी करणारं सरकारचं हंटर कमिशन पुण्यात आलं होतं, त्याच्यासमोर त्यांनी साक्ष दिली. मुलींसाठी बायका शिक्षक हव्यात आणि बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात, ही त्यांची मागणी होती. लाजेपायी आपलं दुखणं पुरुष डॉक्टरला सांगता येत नाही आणि त्यातच कितीतरी बायका मरतात, हे त्यांनी देशभर हिंडताना पाहिलं होतं. तीनच वर्षांनी, १८८५मध्ये, हिंदुस्थानातल्या बायकांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून लेडी डफरिन फंड निघाला. त्यामागे अशा साक्षींचा वाटा होता असं मानतात.

हे वाचताना मला पदराआडून बोलणारी ती बाई आठवली. मध्ये एवढा काळ गेला, तरी लाज तीच आहे. आणि जिच्यापाशी बोलावं, तिचेच कान कमी पडले.

आपण मागणी करून थांबायचं नाही, आपणच डॉक्टर व्हायचं, असं रमाबाईंनी ठरवलं होतं. पुस्तकाच्या पैशांतून प्रवासखर्चाची सोय झाली आणि १८८३मध्ये मनोरमाला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याबद्दल पुढे आयुष्यभर त्यांना आपल्या माणसांचा राग सोसावा लागला. धर्मांतराचा वाद सगळ्यांना ठाऊक असतो. पण इंग्लंडमधलं त्यांचं दुसरं दुःख फारसं कुणी सांगत नाही. त्यांचे कान अधू झाले होते आणि वैद्यकीचं शिक्षण त्या कानांवर झेपण्यासारखं नव्हतं. डॉक्टरला छातीतले ठोके ऐकावे लागतात, कण्हणाऱ्या रोग्याचं बोलणं ऐकावं लागतं. ज्या कामासाठी समुद्र ओलांडून आल्या, त्याचं दारच बंद झालं.

त्या वेळी त्यांना काय वाटलं असेल? परका देश, परकी भाषा आणि तीही अर्धीमुर्धी ऐकू येणारी. आपल्याच भाषेतलं बोलणं नीट ऐकू आलं नाही तर मी रडकुंडीला येते. रमाबाई १८८४मध्ये चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे इंग्रजी, गणित, शास्त्र शिकल्या आणि संस्कृत शिकवलंही. म्हणजे डॉक्टरकीचं दार बंद झालं, तेव्हा त्यांनी साक्षीतलंच दुसरं दार उघडलं, शिक्षिकेचं.

आता एक तारीख लक्षात ठेवा, ११ मार्च. ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. आनंदीबाई रमाबाईंच्या नात्यातल्या. तो सोहळा बघायला रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या. आपलं राहून गेलेलं स्वप्न धाकट्या नातेवाईक मुलीनं पुरं केलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आणि पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ला, क्षयानं आनंदीबाई गेल्या. एकीला कानांनी अडवलं, दुसरीला आयुष्यानं.

रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. बालवाडीचं शिक्षण घेतलं, गावोगाव भाषणं दिली, हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. १८८७मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांच्या शाळेला दहा वर्षं मदत करायची तिनं कबूल केलं. परत आल्यावर रमाबाईंनी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडलं. तारीख होती ११ मार्च १८८९, आनंदीबाईंच्या पदवीनंतर बरोबर तीन वर्षांनी.

तिथे पहिल्यापहिल्यांदा आलेल्या विधवांमध्ये गोदूबाई होत्या. ११ मार्च १८९३ला त्यांचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. बाया कर्वे म्हणून आपण त्यांना ओळखतो. विधवेचा पुनर्विवाह म्हणजे त्या काळी केवढं धाडस!

१८९०मध्ये सदन पुण्याला आलं. मुलींना ख्रिस्ती करतात असा आरोप झाला. १८९३मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं, कितीतरी मुलींना घरी नेण्यात आलं. आरोपात तथ्य किती यावर आजही दोन बाजू आहेत आणि मला त्यात न्याय द्यायचा नाही. मला दिसली ती एकटी पडलेली, कमी ऐकू येणारी, काम न सोडणारी बाई.

१८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी, टाकलेल्या मुली घेऊन आल्या. पुणे-दौंड रेल्वेवरच्या केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांना ठेवलं. तेच मुक्ती सदन. १८९९-१९००च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या मुलींना नुसतं जेवण दिलं नाही. विणकाम, शिवण, शेती, तेलघाणा, दूधदुभतं, छापखाना असं काही ना काही काम प्रत्येकीच्या हाताला लावलं. अंध मुलींना ब्रेल लिपीवर बोटं फिरवून वाचायला शिकवलं. हे काम मनोरमाबाईंनी पाहिलं. एक इंद्रिय गेलं तर दुसऱ्याकडून काम घेता येतं, हे रमाबाईंना कुणी वेगळं शिकवायला नको होतं.

बहिरेपण वाढत गेलं. आयुष्याच्या शेवटच्या पर्वात रमाबाईंनी जे काम हाती घेतलं ते डोळ्यांचं आणि हातांचं होतं. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर! त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीतल्या बायकांनीच ते छापलं. १९१९मध्ये सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं. जुलै १९२१मध्ये मनोरमाबाई गेल्या. एकुलत्या एक मुलीचं दुःख सोसून रमाबाईंनी ते भाषांतराचं काम संपवत आणलं आणि ५ एप्रिल १९२२ला डोळे मिटले.

त्यांच्या काळात कानासाठी उपाय तरी काय होता? नरसाळ्यासारखा कर्णा कानाला लावायचा आणि समोरच्यानं त्यात बोलायचं. विजेवर चालणारी पहिली यंत्रं अमेरिकेत निघाली १८९८च्या सुमारास, म्हणजे रमाबाई दुष्काळातल्या मुली सांभाळत होत्या तेव्हा. तीही मेजावर ठेवण्याएवढी बोजड. ट्रान्झिस्टरची लहान यंत्रं आली १९५२नंतर आणि डिजिटल यंत्रं १९९६च्या सुमारास.

भाषणाची टिपणं काढताना मनात सारखं येत होतं, रमाबाईंच्या हाती काही नव्हतं. माझ्या हाती होतं आणि मी लाजत बसले होते. भाषण झालं आणि त्याच आठवड्यात मी कानाच्या डॉक्टरकडे गेले.

त्याआधी मी एक चूक केली होती, तीही सांगते. वर्षभरापूर्वी कुणाला न सांगता, तपासणी न करता, दुकानातून एक स्वस्त यंत्र आणलं होतं. त्यानं सगळंच मोठं केलं, भांडीही, पंखाही, गाडीचा हॉर्नही. डोकं दुखायला लागलं आणि यंत्र कपाटात गेलं. बऱ्याच घरांतली यंत्रं अशीच कपाटात असतात.

डॉक्टरांनी आधी मळ आहे का ते पाहिलं. मग बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून तपासणी झाली. बारीक शिटी ऐकू आली की बटण दाबायचं. त्याचा आलेख निघाला. कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो. त्यात बारीक केसांसारख्या पेशी असतात. वय, गोंगाट, काही औषधं, आनुवंशिकता अशा कारणांनी त्या झिजतात आणि बहुधा आधी उंच पट्टीच्या आवाजाच्या पेशी जातात. त्यामुळे आ, ओ हे स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, त ही अक्षरं निसटतात. पास, पात, पाप सगळं सारखंच. बायकांचे आणि मुलांचे आवाज उंच, म्हणून ते आधी हरवतात. मुलीचं बोलणं मला का कळत नव्हतं आणि मिस्टरांचं का कळत होतं, त्याचा उलगडा तेव्हा झाला. माझं लक्ष नव्हतं असं नाही, माझा कानच अधू होता. ते ऐकून मला दवाखान्यातच रडू आलं.

नवं यंत्र माझ्या आलेखाप्रमाणे लावून दिलं आहे. जे आवाज कमी आहेत तेच ते वाढवतं. पहिल्या दिवशी साडीची सळसळ, कागद, स्वतःची पावलं, सगळं अंगावर आलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिले काही दिवस घरात दोन-तीन तासच लावा, मग वाढवा, मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. दोनदा जाऊन यंत्राची पट्टी बदलून आणली. गर्दीत, लग्नाच्या मांडवात अजून त्रास होतो. यंत्र म्हणजे नवा कान नव्हे. पण समोर बसून बोलणाऱ्या बाईचा शब्द न् शब्द कळतो. मला तेवढंच हवं होतं.

मैत्रिणींनो, थोडं कामाचं सांगते. आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, टीव्ही मोठा लागतो, लोक पुटपुटतात असं वाटतं, यातलं काही होत असेल तर तपासून घ्या. कानात तेल घालू नका, केसातली पिन घालू नका. एका कानाला अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, त्यात दिवस घालवले तर इलाज हातचा जातो. यंत्र आंघोळीच्या वेळी काढा, रात्री ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत ठेवा. यंत्रं महाग असतात हे खरं. पण अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाची अट यांत बसणाऱ्यांना केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून ती मिळू शकतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला १९८३पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ४३ कोटी लोकांना ऐकण्यासाठी उपचाराची किंवा मदतीची गरज आहे. मग आपण एकट्याच कशाला लाजायचं? डोळ्याला चष्मा लावताना आपण लाजतो का?

यंत्र आल्यावर मी त्या वस्तीवर पुन्हा गेले. केस कानामागे घेतले, यंत्र सगळ्यांना दिसू दिलं. मला कमी ऐकू येतं, पदर खाली घेऊन, माझ्याकडे बघून बोला आणि मला कळलं नाही तर मी पुन्हा विचारीन, असं सगळ्यांसमोर सांगितलं. त्या बाईंची मी माफी मागितली. त्यांनी माझा हात धरून ठेवला. चहा झाल्यावर एक म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं काही दुखणं सांगेल. ती माझ्या कानाकडे बोट दाखवून विचारत होती, हे कुठं मिळतं आणि तिच्याबरोबर साताऱ्याला मी येईन का.

पुढच्या मंगळवारी आम्ही दोघी जाणार आहोत.